डझनभर शार्दूल

मेळ्याच्या एका माणसाने गाडीच्या आरशाला पुठ्ठ्याची पाटी बांधली तेव्हा बाबालालचाचा खाली बसून चाक पुसत होते. त्यांना ती दिसलीच नाही. मला दिसली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत एकच शब्द होता, 'प्रतिकृती'.

"चाचा, हे काय बांधलंय बघा."

ते उठले. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी पाटी वाचली. "ह्येचा अर्थ काय हो ताई?"

"नक्कल. ही गाडी खरी नाही, मागाहून कुणीतरी तयार केलीय, असं म्हणतायत."

हातातल्या फडक्याची घडी घालून चाचांनी ती खिशात ठेवली आणि पाटी बांधणाऱ्या माणसाच्या मागे चालू लागले. मी त्यांच्या मागे.

१९९७ चा जानेवारी होता. जुन्या मोटारींचा मेळा कोल्हापुरात पहिल्यांदाच भरला होता; भरवणारं मंडळ पुण्याचं. मी तेव्हा एकतीस वर्षांची, एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि उद्यमनगरात चाचांच्या गॅरेजवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. मोटारींतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण खालच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली ती गडद हिरवी गाडी मी चार वर्षं रोज पाहत आले होते, आणि त्या दिवशी चाचांनी मला मानाने पुढच्या सीटवर बसवून आणलं होतं.

ती शार्दूल सिक्स होती. शार्दूल मोटर वर्क्स हा कारखाना कोल्हापूरच्या बाहेर वीस-एक वर्षं चालला आणि बंद पडला. साधी शार्दूल चार सिलिंडरची, टॅक्सीवाल्यांची लाडकी. पण एकोणसत्तर ते बहात्तर या काळात कारखान्याला खास पत्र लिहिलं, तर त्याच गाडीत मालट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून मिळायचं. जाहिरात नव्हती, किंमतपत्रकात नाव नव्हतं. साखर कारखान्यांचे चेअरमन, काही डॉक्टर, सिनेमातली एक-दोन माणसं, अशांनी ती मागवली. घाटात परदेशी गाड्यांना मागे टाकणारी ही गाडी एका वेगळ्या शेडमध्ये हाताने जोडली जायची. त्या शेडचे फोरमन होते बाबालाल मुजावर.

मंडपात मंडळाचे उपाध्यक्ष यशवर्धन निगडे बसले होते. पन्नाशीचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. शार्दूल सिक्सवर त्यांनी लेख लिहिले होते आणि त्यांच्याकडे स्वतःची एक होती.

"साहेब, कायतरी चूक झालीया," चाचा म्हणाले. "माझी गाडी असली हाय. मी सोता तितं फोरमन हुतो."

"म्हणूनच तर," निगडे हसले. "मिस्त्री, तुमचा हात चांगला आहे. मी मघाशी बघितलं काम. पण कंपनीने शार्दूल सिक्स बाराच बनवल्या. सेल्स मॅनेजरांनी तसं लिहून ठेवलंय, डझनभर. बाराच्या बारा आज कुणाकडे आहेत त्याची यादी आम्ही छापलीय. तुमची तेरावी होते. तेरावी आणायची कुठून?"

भोवतीची माणसं हसली. चाचा मात्र त्या एकाच शब्दाला अडकले होते.

"बारा?" ते म्हणाले. "फकस्त बारा?"

परत येताना त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही.

आठवड्याने रजिस्टर पत्र आलं. चाचा ते घेऊन जिना चढून वर आले आणि दारातच उभे राहिले. मी वाचून दाखवलं. गाडीच्या चॅसीवर क्रमांकाच्या जागी जोडकाम आढळलं असून क्रमांक बनावट असल्याचा दाट संशय आहे. दोन मार्चला सकाळी दहा वाजता पुण्यात मंडळासमोर खुलासा करावा. तो पटला नाही तर पोलिसांत तक्रार देण्यात येईल.

"जोड हायच की," चाचा म्हणाले. "कराडजवळ ट्रकनं ठोकरली हुती. मालकानं भंगारात काढली, तवा एकोणऐंशीला मी घेतली. चॅसी सरळ करताना पट्टी कापून परत जोडली. अठरा वर्षं लागली उभी करायला. ताई, इतक्या वर्षांत चोरीची एक गाडी मी दारात घेतली न्हाई. आन आता ह्या वयात फौजदार?"

"कारखान्याचे कागद कुठे मिळतील?"

"समदे रद्दीत गेले."

"तुमच्याबरोबर काम केलेलं कुणी?"

"आमी चौघं हुतो शेडमदी. आता मी एकटाच ऱ्हायलोय." ते खुर्चीवर बसले. "तुमचा विषय आकड्यांचाच न्हवं? बारा न्हवत्या, ह्ये दाखवायचं कसं?"

मी विचार केला. कागद नसले तरी वस्तू असतात, आणि वस्तूंवर खुणा असतात.

"चाचा, गाड्यांवर क्रमाने घातलेला काही नंबर? कंपनीचा नव्हे. तुमचा, शेडमधला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग उठून म्हणाले, "खाली चला."

गाडीखाली त्यांनी सतरंजी अंथरली आणि मला आत सरकायला लावलं. इंजिन जिथे गिअरबॉक्सला मिळतं तिथे क्लचचं ओतीव घर असतं. त्याला खालून हाताच्या पंजाएवढं पत्र्याचं झाकण होतं, दोन बोल्टांचं. चाचांनी ते उघडलं आणि बॅटरीचा उजेड आत पाडला. आतल्या अंगाला, धातूत ठोकलेले दोन आकडे होते. २ आणि ९.

"गाडी भायेर पडायच्या आदी ठोकायचो," चाचा म्हणाले. "एक, दोन, तीन, असं वळीनं. कंपनीचा हुकूम न्हवता. गाडी तक्रार घिऊन परत आली की कंची कवा केली त्ये कळायचं. आमा चौघांशिवाय कुणाला ठावं न्हाई. मी गेल्यावर तर... त्ये जाऊ दे. माझ्या हातचा शेवटचा आकडा सांगतो तुमास्नी—"

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की डोकं वर आपटलं. "सांगू नका."

"का?"

"तुम्ही सांगितलं आणि मी तेच तिथे बोलले, तर ते म्हणतील म्हाताऱ्याने सांगितलं, बाईने लिहून घेतलं. मला तो आकडा गाड्यांकडून काढायचाय. त्यांच्याच यादीतल्या गाड्यांकडून. आणि मला काय सापडतंय, तेही मी तुम्हाला सांगणार नाही. दोन मार्चपर्यंत."

"म्हंजे दोगंबी डोळं झाकून बसायचं."

"हो."

चाचांनी बोल्ट पुन्हा आवळले. "बरं," ते म्हणाले. "पर झाकण काढायला शिका आदी. बोल्ट तिरका बसला तर आटे जात्यात."

तीन दिवस त्यांनी मला तेवढंच शिकवलं.

यादीतल्या बारापैकी एक गाडी निगड्यांची. दोन परदेशात गेलेल्या. दोघा मालकांनी फोनवरच नाही म्हटलं; बारांतल्या एकीचे मालक असण्यात जी ऐट होती ती त्यांना घालवायची नव्हती. एकाने पत्राला उत्तरच दिलं नाही. उरल्या सहा. पुढच्या चार रविवारांत मी एसटीने बेळगाव, सोलापूर, नाशिक, पुण्यात दोन आणि शेवटी रत्नागिरी अशी फिरले. पर्समध्ये दहा-अकराचा पाना, बॅटरी आणि रोलचा कॅमेरा.

बेळगावच्या डॉक्टर लीला परुळेकर पंचाहत्तरीच्या होत्या. गाडी त्यांनी स्वतः पत्र लिहून मागवलेली.

"रात्री-अपरात्री खेड्यात बाळंतपणाला जायचे मी," त्या म्हणाल्या. "मला पळणारी गाडी हवी होती. बाई असून असली गाडी कशाला, असं कंपनीने उलट विचारलं होतं. मी लिहिलं, बाळ थांबत नाही म्हणून."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तुमच्या गाडीखाली जो आकडा निघेल त्यामुळे कदाचित बाराचा हिशेब मोडेल. तुमची गाडी एवढी दुर्मीळ राहणार नाही.

"अहो, चार निघो नाहीतर चारशे," त्या म्हणाल्या, "माझी गाडी माझीच राहणार ना? शिरा आत."

मी आत शिरले. झाकणावर जुन्या मातीचा थर होता. बोल्ट फिरेना. बाहेरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाई करू नका, हळूहळू जोर द्या," आणि मला हसू आलं, कारण हे वाक्य त्यांनी हजार जणींना म्हटलं असणार. बोल्ट सुटला. आत १७ होतं.

मी फोटो काढला, कागदावर आकडा लिहून त्यांची सही घेतली. असं प्रत्येक ठिकाणी. रत्नागिरीत शेवटची गाडी पाहिली, आंब्याच्या एका व्यापाऱ्याची. तिच्या खालून बाहेर आले तेव्हा मी हसत होते आणि तो बिचारा विचारत होता, "काय, काय निघालं?"

पण चाचांना मी काही सांगितलं नाही. रोज सकाळी कॉलेजला जाताना ते खालून माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मी स्कूटर चालू करून निघून जायचे. चार आठवडे त्या माणसाने एकदाही विचारलं नाही. मला जमलं नसतं.

दोन मार्चला पहाटे आम्ही त्याच हिरव्या गाडीने पुण्याला निघालो. मंडळाचं कार्यालय निगड्यांच्या बंगल्यातच होतं. पोर्चमध्ये त्यांची मरून रंगाची शार्दूल सिक्स उभी होती, आरशासारखी लखलखीत. हॉलमध्ये दहा-बारा सभासद आणि मधे अध्यक्ष, कर्नल अधिकारी. सैन्यात रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेले, मोजकं बोलणारे.

निगड्यांनी त्यांची बाजू नीट मांडली. सेल्स मॅनेजरांचं पत्र, यादी, जोडकामाचे फोटो. मग कर्नल चाचांकडे वळले. चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"माझ्यावतीनं ह्या बोलतील."

मी सहा फोटो टेबलावर मांडले. नंबर काय, तो कुठे आणि का ठोकत असत, हे सांगितलं. "या सहाही गाड्या तुमच्या यादीतल्या आहेत. मुजावरांची गाडी मी यात धरलेली नाही. आकडे असे आहेत : चार, नऊ, सतरा, तेवीस, एकतीस आणि चाळीस."

शेवटचा आकडा ऐकला तसा चाचांनी झटकन माझ्याकडे मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आश्चर्य होतं. मला ते विचित्र वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता.

"समजा, एका पिशवीत एकपासून ओळीने नंबर घातलेल्या चिठ्ठ्या आहेत," मी कर्नलना म्हटलं. "किती ते माहीत नाही. मी सहा काढल्या, सगळ्यांत मोठी चाळीस. म्हणजे निदान चाळीस तरी आहेत. पण नेमकी शेवटचीच चिठ्ठी माझ्या हाती आली असेल असं कशावरून? तिच्या वर काही असणार. किती, ते बाकीच्या चिठ्ठ्यांवरून कळतं. या सहांच्या आधी आणि मधे जे नंबर निसटले, ते सरासरी पाच-सहा आहेत. तेवढेच वरही निसटले असतील असं धरायचं. चाळीस अधिक सहा. शार्दूल सिक्स साधारण शेहेचाळीस बनल्या असाव्यात. बारा नक्कीच नाहीत."

कर्नल फोटो उचलून एकेक पाहत होते. निगडे शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं गणित बरोबर असेल. पण पिशवी कुणाची आहे ते बघा. हे मिस्त्री कितीतरी वर्षं या भागातल्या गाड्या दुरुस्त करतायत. या सहांपैकी कुठली त्यांच्याकडे कधी गेली होती, कुणी सांगावं? आकड्यांचा पंच आणि हातोडा असला की हवा तो आकडा ठोकता येतो. गेल्या महिन्यातसुद्धा."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. चाचा खाली बघत होते. मी म्हटलं, "मग जी गाडी त्यांच्या हाताखाली कधीच गेली नाही अशी एखादी सांगा."

"सांगतो ना. माझीच. पहिल्या मालकाकडून सत्याहत्तरला घेतली. माझ्या मेकॅनिकशिवाय तिला कुणी हात लावलेला नाही."

"क्लचचं ते झाकण कधी उघडलंय?"

"कधीच नाही. कंपनीचा रंग आहे त्याच्यावर अजून."

"मग आता उघडू या."

निगड्यांनी दाराबाहेर, पोर्चकडे पाहिलं. "आणि आकडा बाराच्या आतला निघाला तर?"

"तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

हे मी बोलून गेले आणि मग हिशेब केला. न पाहिलेल्या एकोणचाळीस गाड्यांत बाराच्या आतल्या दहा. म्हणजे जवळजवळ चारात एक. माझं सगळं बरोबर असूनही चाचा गुन्हेगार ठरण्याची शक्यता चारात एक होती. एक चतुर्थांश हा आकडा मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला होता. तो एवढा मोठा असतो हे मला सगळ्यांमागोमाग पोर्चमध्ये जाताना कळलं.

गाडी जॅकवर चढवली. निगड्यांच्या मेकॅनिकने बोल्टांवरचा रंग सर्वांना दाखवला. तो अखंड होता. पान्याखाली त्याचे तुकडे उडाले. कर्नलनी कोट काढून एकाच्या हातात दिला आणि बॅटरी घेऊन ते स्वतः आत सरकले. आम्हाला त्यांचे बूट तेवढे दिसत होते.

"पुसायला काहीतरी द्या," आतून आवाज आला.

चाचांनी खिशातलं फडकं दिलं. मी डोळे मिटून घेतले होते.

"त्रेचाळीस," कर्नल म्हणाले.

मग निगडे पांढऱ्या कपड्यांनिशी खाली झोपले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा खांद्यावर ग्रीसचा पट्टा होता. उठून उभे राहायला त्यांना वेळ लागला.

"त्रेचाळीस आहे," ते म्हणाले. "वीस वर्षं मी हिला कंपनीची तिसरी गाडी म्हणून सांगत आलो." आणि मग, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं, ते सरळ चाचांपुढे येऊन उभे राहिले. "मुजावरसाहेब, मी चुकलो. भर मैदानात बोललो होतो, माफीही तशीच मागेन. तुम्हाला बघायचाय आकडा?"

चाचांनी मान हलवली आणि ते आत सरकले. दोन मिनिटं झाली, तीन झाली. सहासष्ट वर्षांचा माणूस त्या गाडीखाली इतका वेळ निपचित पडून होता की कर्नलनी वाकून विचारलं, "ठीक आहात ना?" बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं, रंगाचा कण गेला असेल.

कर्नलनी तिथेच कागद मागवून लिहिलं : गाडी अस्सल, तक्रार रद्द, यादी मागे, आणि यापुढे मंडळाच्या पुस्तकात 'बारा'च्या जागी 'सुमारे शेहेचाळीस'. पुढच्या पंधरा वर्षांत गोदामांतून, गोठ्यांतून एकेक करून सव्वीस गाड्या बाहेर आल्या. सगळ्यांत मोठा आकडा निघाला सत्तेचाळीस. मी एकाने चुकले होते. माझ्या नोकरीत मला जे काही मिळालं त्यापेक्षा त्या एका चुकीचा मला जास्त अभिमान आहे.

दुपारी एकला आम्ही पुणे सोडलं. मला गावभर ओरडत सुटावंसं वाटत होतं, आणि चाचांची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. खंबाटकी घाट उतरून खाली आलो तेव्हा त्यांनी गाडी झाडाखाली घेतली.

"ताई, आता सांगू का माझा आकडा?"

"सांगा."

"तेहतीस."

मला नीट कळेना. "पण चाळीस... त्रेचाळीस..."

"एकाहत्तरच्या पावसाळ्यात साखळी तुटून इंजिन माझ्या पायावर पडलं. आठ महिने पलास्तर. कामावर परत गेलो तवर खास गाड्यांची शेड बंद झाली हुती. मदल्या काळात शेड आमच्या चौघातल्या शामराव सुतारानं चालवली. त्येनं किती केल्या, केल्या का न्हाई, मी इचारलं न्हाई. मला राग हुता. माझ्या जागेवर बसला असं वाटायचं. कारखाना बंद पडल्यावर त्यो गावाकडं, वडगावला गेला, पंच्याऐंशीला वारला. बोलायचं ऱ्हाऊनच गेलं."

एक ट्रक हॉर्न देत गेला. चाचा स्टिअरिंगकडे बघत होते.

"शामराव डावखुरा. हातोडा डाव्या हातात. त्येचा आकडा बाहेरच्या अंगाला कलायचा, मी चिडवायचो. त्या साहेबाच्या गाडीखाली चाराचा आकडा कललेला हाय, ताई. मी न्हवतो तरी त्येनं माझी वळ मोडली न्हाई. तेहतीसच्या फुडं चौतीस घातला, पस्तीस घातला. कुणी सांगितलं न्हवतं त्येला. ती लोकं बारा म्हणाली तवा माझ्या तेहतीस मला तरी ठावं हुत्या. शामरावच्या कुणाला ठावं हुत्या? मला बी न्हवत्या."

त्यांनी गाडी सुरू केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की सहा सिलिंडर म्हणजे काय. कराड कधी मागे गेलं ते समजलंच नाही.

कोल्हापूर अर्ध्या तासावर असताना वडगावच्या फाट्यावर त्यांनी गाडी वळवली. विचारत विचारत आम्ही एका कौलारू घरासमोर थांबलो. उन्हं कलली होती. अंगणात एक म्हातारी सुपात शेंगदाणे पाखडत होती. चाचा खाली उतरून उभे राहिले. म्हातारीने कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ बघितलं.

"बाबालाल भावजी?"

"व्हय, हौसावैनी."

"बारा वर्षं झाली त्यास्नी जाऊन. मयताला बी आला न्हाईसा."

"चुकलं माझं," चाचा म्हणाले. मग, निरोप घेऊन आलेल्या माणसासारखे सरळ उभे राहून त्यांनी सांगितलं, "माझ्या तेहतीसच्या फुडं शामरावानं तेरा गाड्या केल्या, वैनी. एकट्याच्या देखरेखीखाली. तेरा. आज पुण्यात लिवून घेतलं त्येनी."

हौसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"तेरा," त्या म्हणाल्या. "मला म्हणायचे, खास गाड्या करतो. मी म्हणायची, आणा की एक दारात, बघू तरी. नुसते हसायचे."

"ही त्यातलीच जात. हिच्यात शामरावचा बी हात हाय. चला, बसा."

त्या उठल्या. पदराने हात पुसले, आत जाऊन पायात चपला घालून आल्या. मी मागच्या सीटवर गेले आणि त्या पुढे बसल्या, मांडीवर दोन्ही हात ठेवून, ताठ. गावाबाहेर उसाच्या फडांतून सरळ रस्ता जात होता. चाचांनी गाडी बेताने घेतली.

थोडं अंतर गेल्यावर हौसाबाई म्हणाल्या, "भावजी, एवढीच पळतीया व्हय?"

चाचा हसले. महिनाभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी गिअर टाकला, पाय दाबला, आणि गाडी अशी उसळली की माझी पाठ सीटला चिकटली. दोन्ही बाजूंचा ऊस हिरव्या भिंतीसारखा मागे पळू लागला. हौसाबाईंचा पदर डोक्यावरून खाली आला, तो त्यांनी सावरला नाही. कामावरून परतणाऱ्या बायका डोक्यावरचे भारे धरून रस्त्याच्या कडेला थबकल्या आणि तोंडाला हात लावून बघू लागल्या. हौसाबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि त्या जीव खाऊन ओरडल्या :

"अगं, बघताय काय! आमच्या मालकांनी केलीया ही!"